साध्या पेट्रोलवर कॉम्प्रेशन किती ठेवायचं: एका एस्टीमचं पूर्ण प्रकरण

गाडी आणि मालक

ही केस एका जुन्या मारुती एस्टीमची आहे. मालकाचं नाव, गाडीचा नंबर आणि आधी काम केलेल्या गॅरेजचं नाव देत नाही, त्याची गरजही नाही. मालक कराडच्या बाजूचे, नोकरीवाले, गाडी वडिलांनी घेतलेली म्हणून विकायची नाही हे पक्कं. सासुरवाडी चिपळूणच्या पुढे, त्यामुळे कुंभार्ली घाटाने सारखं येणंजाणं. ट्रॅकवर जायचं नाही, रॅली करायची नाही, घरच्यांना घेऊन रोज चालवायची गाडी, फक्त पिकअप जरा बरा हवा.

इंजिन १६ व्हॉल्व्हचं, १२९८ सीसी, एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं), कंपनीने सांगितलेली ताकद ८५ बीएचपी. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५.५. हेड आणि ब्लॉक दोन्ही अॅल्युमिनियमचे. आणि पुढच्या सगळ्या गोष्टीसाठी महत्त्वाचं म्हणजे नॉक सेन्सर नाही. आत पेट्रोल वेळेआधी पेटून फुटत असलं (यालाच नॉकिंग म्हणतात) तरी ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, ते कळत नाही, तो आपलं टायमिंग, म्हणजे प्लगने ठिणगी कधी टाकायची ती वेळ, तशीच देत राहतो.

२०२१ च्या सुरुवातीला एका गॅरेजने हे इंजिन बांधून दिलं होतं. बोअर ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज, सपाट माथ्याचे बाजारातले पिस्टन, हेड फेस मारून (खालचा पृष्ठभाग कापून) कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, वाढवलेलं, वर एक पिगीबॅक (ईसीयूचे आकडे बदलणारा जोड-बॉक्स) आणि टायमिंग पुढे ओढलेलं. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मात्र कंपनीचाच. मालकाला तोंडी सांगितलं की कॉम्प्रेशन साडेदहा आहे, बिनधास्त चालवा. कागदावर एकही माप नव्हतं.

अडचण कशी समोर आली

कराड, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात गाडी झकास चालत होती. हायवेला आवाज नाही, तापत नाही, पिकअप पण आधीपेक्षा बरा. आवाज यायचा तो फक्त कोकणातून परत वर चढताना. तिसऱ्या गिअरमध्ये, दोन ते अडीच हजार आरपीएमला एक्सलेटर पूर्ण दाबला की डब्यात बारीक खडे हलवल्यासारखी खळखळ. गिअर कमी केला की बंद. मालकाने गॅरेजला फोन केला तर उत्तर आलं की टॅपेट असेल, पेट्रोल भेसळीचं असेल, थोडं तेवढं चालतं.

थोडं तेवढं चालत नाही, निदान पूर्ण लोडवर तर नाहीच. मे महिन्यात चार माणसं, सामान, एसी चालू, असं घाट चढून आले आणि त्यानंतर मागून निळा धूर दिसायला लागला. ऑइल भराभर कमी व्हायला लागलं, आयडलला गाडी थरथरायची. मग गाडी आमच्याकडे कोल्हापूरला आली.

आधी प्लग काढले. चौथ्या सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलीनवर काळ्या मिरपुडीसारखे ठिपके होते आणि त्यात भिंगाखाली चमकणारे अगदी बारीक चंदेरी मणी. ते मणी म्हणजे पिस्टनचं अॅल्युमिनियम, वितळून उडून प्लगवर चिकटलेलं. हे दिसलं की पुढे अंदाज बांधायची फार गरज उरत नाही. कॉम्प्रेशन टेस्टला पहिले तीन सिलिंडर २१० पीएसआयच्या आसपास, चौथा १४०. लीक डाऊन टेस्टला सिलिंडरमध्ये हवा सोडली तर ऑइल फिलरच्या तोंडातून फुसफुस, म्हणजे व्हॉल्व्ह ठीक, गळती रिंगांकडून.

रस्त्यावरच्या साध्या एस्टीमला २१० पीएसआय हा आकडा मला पटला नाही. स्टॉक कॅमवर एवढं प्रेशर म्हणजे साडेदहापेक्षा बरंच जास्त कॉम्प्रेशन असणार.

उघडल्यावर काय मिळालं आणि मोजमाप

चौथ्या पिस्टनची लँड, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधला पिस्टनचा भाग, तुटलेली, नखाएवढा तुकडा रिंगेमागे अडकून बसलेला. बोअरला ओरखडा होता पण होनिंगने (आतून हलकं घासून) निघण्यासारखा, हे नशीब. पिस्टनच्या माथ्याच्या कडेला वाळूने घासल्यासारखी खरवड. बाकी तीन पिस्टनवर पण तीच खरवड, कमी प्रमाणात.

मग मोजायला बसलो. अॅक्रिलिकची पट्टी, मधे भोक, कडेला ग्रीस, आणि ब्युरेटने (मापाच्या काचेच्या नळीने) द्रव सोडून हेडमधले चेंबर भरायचे. यात काही शास्त्र नाही, फक्त धीर लागतो, आणि इंजिन बांधणाऱ्या प्रत्येकाने हे केलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. चेंबर भरले २३.८ ते २४.९ सीसी. चौथा सगळ्यात लहान, पहिला सगळ्यात मोठा, मधले दोघे क्रमाने मधे. म्हणजे हेड तिरकं फेस झालेलं. एका न कापलेल्या हेडशेजारी ठेवून हाइट गेजने बघितलं तर सरासरी १.३ मिलिमीटर उडवलेलं.

बाकीची मापं अशी: ७४.५ बोअरला एका सिलिंडरचा स्वेप्ट व्हॉल्यूम (पिस्टन वरखाली होताना व्यापतो ती जागा) ३२९.१ सीसी, पिस्टनमधले व्हॉल्व्हचे खड्डे २.५ सीसी, पिस्टन डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागाच्या) ०.२ मिलिमीटर खाली म्हणजे ०.९ सीसी, दाबलेलं गॅस्केट १ मिलिमीटर, त्याचे ४.५ सीसी. सगळं मिळून पहिल्या सिलिंडरला ३२.८ सीसी शिल्लक जागा, चौथ्याला ३१.७. स्वेप्टला या जागेने भागा आणि एक मिळवा. पहिला ११.०, चौथा ११.४. जो तुटला तोच सगळ्यात जास्त दाबत होता, वर तो वॉटर पंपपासून सगळ्यात लांबचा, म्हणजे थंडावा पण त्यालाच कमी.

साडेदहा सांगितलं आणि निघालं सव्वाअकराच्या आसपास. हा फरक कुणी मुद्दाम केला असं मी म्हणत नाही, कुणी मोजलंच नव्हतं. एका सीसीच्या फरकाने कॉम्प्रेशन इथे तीन-चार दशांश हलतं, डोळ्याने किंवा किती मिलिमीटर फेस मारलं यावरून ते सांगता येत नाही.

कराडला का चाललं आणि घाटात का फुटलं

कराड समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे-पावणेसहाशे मीटर वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सहा-साडेसहा टक्के कमी असतो. सिलिंडरमध्ये हवा तेवढी कमी भरते, दाबून झाल्यावरचं प्रेशर आणि तापमान तेवढं खाली राहतं. आधीच्या गॅरेजची ट्रायल सगळी पठारावरची, त्यामुळे त्यांना आवाज आलाच नाही. चिपळूणला उतरलात की हवा पूर्ण भरते, वर मे महिन्याची दुपार, चिपळूणहून निघून इंजिन पुरतं गरम झालेलं, आणि समोर चढ. चढावर ड्रायव्हर स्वाभाविकपणे गिअर न बदलता एक्सलेटर दाबतो. कमी आरपीएम आणि पूर्ण लोड, म्हणजे प्लगने पेटवलेली ज्योत कोपऱ्यात पोचेपर्यंत तिथलं न जळलेलं मिश्रण जास्त वेळ भाजत राहतं आणि आपणहून फुटतं. नॉकिंगला याहून सोयीची जागा सापडणार नाही.

आता पेट्रोल. मालकाने इंटरनेटवरून बरंच वाचलेलं, त्यांचा पहिला प्रश्न हाच, "दादा, अॅल्युमिनियम हेड असलं तर ९१ ऑक्टेनवर साडेदहा आरामात चालतं असं सगळीकडे लिहिलंय, मग आपलं का फुटलं?"

लिहिलंय ते बरोबर आहे, पण ते अमेरिकेतलं ९१ आहे. ऑक्टेन, म्हणजे पेट्रोल नॉकिंगला किती टिकतं तो आकडा, मोजायच्या रॉन आणि मॉन अशा दोन टेस्ट आहेत, दोन्ही एकाच प्रकारच्या टेस्ट इंजिनवर. रॉन ६०० आरपीएमला, तुलनेने सौम्य परिस्थितीत. मॉन ९०० आरपीएमला आणि मिश्रण १४९ अंश सेल्सिअसपर्यंत गरम करून, म्हणजे जास्त कडक. अमेरिकेत पंपावर या दोन्हींची सरासरी लिहितात, आपल्याकडे नुसता रॉन सांगतात. बीएस ४ च्या मानकात आपल्या साध्या पेट्रोलला रॉन किमान ९१ आणि मॉन किमान ८१ होता. सरासरी काढा, ८६ येते. अमेरिकेतल्या सगळ्यात स्वस्त पेट्रोलवर बहुतेक ठिकाणी ८७ लिहिलेलं असतं. आपलं ९५ रॉनवालं प्रीमियम, ज्याचा मॉन किमान ८५, त्याची सरासरी ९०, ते कुठे त्यांच्या ९१ च्या जवळ जातं. त्यामुळे तिकडचा सल्ला इकडे लावायचा तर आधी आकडा बदलून घ्यावा लागतो, नाहीतर एक अख्खा ग्रेड चुकतो.

दुसरा प्रश्न पण रास्त होता. २०२१ च्या स्विफ्टचं ड्युअलजेट इंजिन १२ कॉम्प्रेशनचं आहे, तेही साध्या पेट्रोलवर, मग जुन्या गाडीला अकरा का जड? कारण त्या इंजिनात नॉक सेन्सर आहे, व्हॉल्व्हचं टायमिंग चालता चालता बदलतं, थंड केलेला एक्झॉस्ट थोडा परत आत येतो, पिस्टनवर खालून ऑइलचा फवारा बसतो. नुसतं १२ उचलून नव्वदच्या दशकातल्या इंजिनाला लावलं तर बाकीचं सगळं मागे राहतं आणि फक्त दाब येतो.

पर्याय

पहिला पर्याय मालकानेच मांडला. इंजिन आहे तसं नीट जोडायचं, पिस्टन बदलायचे आणि १०० ऑक्टेन टाकायचं. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये एक्सपी १०० आणलं, पहिल्या टप्प्यातल्या शहरांत मुंबई आणि पुणे होते, दिल्लीत तेव्हा लिटरला १६० रुपये, साध्याच्या जवळपास दुप्पट. पैशाचं एकवेळ सोडा, पण चिपळूणच्या पुढे गावात रात्री टाकी रिकामी झाली तर समोरच्या पंपावर जे असेल तेच घालणार ना? नॉक सेन्सर नसलेल्या इंजिनाला एक चुकीची टाकी पुरते. रस्त्यावरच्या गाडीचं कॉम्प्रेशन सगळ्यात चांगल्या टाकीवर ठरवता येत नाही, सगळ्यात वाईट टाकीवर ठरवावं लागतं. हा पर्याय तिथेच संपला.

दुसरा, कॉम्प्रेशन ११.२ ठेवून टायमिंग मागे घ्यायचं. बरेच जण हेच करतात कारण लॅपटॉपवर बसून होतं. नॉकिंग थांबतं, खरंय. पण हिशोब बघा. पुस्तकी ऑटो सायकलने (आदर्श पेट्रोल इंजिनाच्या सूत्राने) ९.८ कॉम्प्रेशनची, जे मी तुलनेला ढोबळ धरलं, कार्यक्षमता ५९.९ टक्के आणि ११.२ ची ६२ टक्के येते. म्हणजे आदर्श इंजिनात साडेतीन टक्के फायदा, खऱ्या इंजिनात दोन-तीन. ८५ बीएचपीवर दोन-अडीच बीएचपी. यासाठी टायमिंग सात-आठ डिग्री मागे ओढायचं तर जेवढं कमावलं त्यापेक्षा जास्त गमावतो. शिवाय ज्योत उशिरा पेटल्याने उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी एक्झॉस्टमधून जाते, पोर्ट तापतात, घाटात टेंपरेचरचा काटा वर जातो. कागदावर मोठं कॉम्प्रेशन आणि हातात छोटं इंजिन. एवढी साधी गोष्ट लोक का बघत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण यात चांगली इंजिनं फुकट जातात.

तिसरा, मोठ्या ड्युरेशनचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅम. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद झाला की पिस्टन वर येताना सुरुवातीचं थोडं मिश्रण परत बाहेर जातं आणि खरं दाबणं उशिरा सुरू होतं. पिस्टन तळाला पोचल्यावर क्रँक आणखी ५० अंश फिरला की इनटेक बंद होतो असं धरलं तर आपल्या ११.२ ला प्रत्यक्ष दाब साधारण ९.८ पटीचा येतो. ६० वर नेला तर सव्वानऊ. साध्या पेट्रोलसाठी असा प्रत्यक्ष दाब आठ ते साडेआठ हा जुना ठोकताळा, अॅल्युमिनियम हेड, चार व्हॉल्व्ह आणि बरं मॅपिंग असलं की त्यापेक्षा थोडं वर चालतं, पण सव्वानऊ तरी जास्तच. आणि असा कॅम खालच्या आरपीएमची ताकद खातो, जी घाटात घरच्यांना घेऊन चढणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त हवी. ट्रॅकच्या गाडीला मी हा विचार केला असता, या गाडीला नाही.

चौथा पर्याय स्वस्त आणि म्हणून धोकादायक, जाड गॅस्केट. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या बऱ्याच लोकांना कुणीतरी हेच सुचवलेलं असतं. ११.२ वरून ९.८ ला यायला अंदाजे पाच सीसी जागा हवी, म्हणजे गॅस्केट १ मिलिमीटरवरून २.१ च्या पुढे. कॉम्प्रेशनचा आकडा बरोबर येईल. पण पिस्टनची कड आणि हेडचा सपाट भाग यांच्यातलं अंतर, ज्याला स्क्विश म्हणतात, ते १.२ वरून २.३ होणार. हे अंतर कमी असलं की पिस्टन वर येताना कडेचं मिश्रण जोरात मधे फेकलं जातं, ढवळतं, लवकर जळतं, आणि कडेला जे थोडं उरतं ते दोन थंड पत्र्यांमध्ये दाबलं गेल्याने फुटत नाही. अंतर वाढवलं की तिथे मिश्रणाचा एक संथ, गरम थर राहतो आणि नॉकिंगला तोच हवा असतो. चार व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये स्क्विशची पट्टी मुळात अरुंद, दोन बाजूंना चंद्रकोरीसारखी, तरी तिचा उपयोग होतो. त्यामुळे ९.८ कॉम्प्रेशन आणि २.३ स्क्विश असलेलं इंजिन, १० कॉम्प्रेशन आणि १ मिलिमीटर स्क्विश असलेल्या इंजिनापेक्षा जास्त खळखळू शकतं. हे मालकाला पटायला वेळ लागला, आणि ते साहजिक आहे, कारण वरवर बघता कमी दाब म्हणजे कमी धोका असंच वाटतं.

पिस्टनचा माथा लेथवर कोरून डिश काढायचाही विचार झाला. ५४ मिलिमीटर व्यासाची २.२ खोल डिश कोरली की पाच सीसी मिळतात आणि स्क्विश शाबूत राहतं. पण बाजारातल्या ओतीव पिस्टनचा माथा तेवढा जाड नव्हता. फोर्ज्ड (घडीव) पिस्टन मागवायचे तर खर्च गाडीच्या किमतीच्या पुढे.

पाचवा, न कापलेलं हेड. जुन्या बाजारात एस्टीमची हेड तेव्हा बऱ्यापैकी मिळत होती. हेड मूळ उंचीला आलं की चेंबर मोठा होतो, स्क्विश आहे तेवढंच राहतं, कारण ते डेक आणि गॅस्केटवर ठरतं. अजून एक फायदा होता जो कुणाच्या लक्षात आला नव्हता. हेड १.३ मिलिमीटरने खाली बसल्यावर कॅमची पुली क्रँकच्या जवळ येते, बेल्ट तोच, त्यामुळे कॅम क्रँकच्या दोन-तीन डिग्री मागे पडतो. ते पण आपोआप सरळ होणार होतं.

आकड्यावरची चर्चा

पाचवा पर्याय ठरला, पण नेमका आकडा कुठला यावर खरी चर्चा झाली. मालकाला साडेदहा हवे होते. त्यांचं म्हणणं, "साहेब, मी कराडहून ९५ वालं भरूनच निघत जाईन." आमच्या मिस्त्रींचं म्हणणं साडेनऊ, डोक्याला ताप नको. त्यांनी घाटात तुटलेले पिस्टन माझ्यापेक्षा जास्त बघितलेत, त्यांचं मत मी सहज बाजूला सारत नाही.

साडेदहा मी नाकारले कारण ९५ भरून निघणं हा नियम माणसाच्या आठवणीवर चालतो, आणि गाडी घरातलं दुसरं कुणीही नेतं. साडेनऊला धोका काहीच नव्हता, पण तिथे जायचं तर चेंबर मुद्दाम कोरून मोठा करावा लागत होता किंवा स्क्विश सोडावं लागत होतं, म्हणजे कमी आकड्यासाठी चांगली गोष्ट बिघडवायची. मापं मांडल्यावर उत्तर बऱ्यापैकी आपोआप आलं. जुन्या बाजारातल्या हेडचे चेंबर २९ सीसीच्या आसपास. व्हॉल्व्हभोवतीच्या धारदार कडा मारल्या आणि चारही सारखे केले की २९.५. ब्लॉकच्या डेकवरून ०.२ मिलिमीटर काढले की पिस्टन डेकच्या बरोबर, स्क्विश पूर्ण १ मिलिमीटर. बेरीज २९.५, २.५ आणि ४.५, एकूण ३६.५ सीसी. कॉम्प्रेशन १०.०. प्रत्यक्ष दाब ८.८ च्या आसपास.

मिस्त्री म्हणाले, "दहा चालेल, पण कोकणात नेऊन ऐकल्याशिवाय गाडी द्यायची नाही." ती अट मला पूर्ण मान्य होती.

काम

हेड धुऊन, प्रेशर टेस्ट करून, व्हॉल्व्ह सीट कापून घेतल्या. चेंबरमधल्या सगळ्या टोकदार कडा हाताने गोल केल्या, कारण पातळ धार लाल होऊन प्लगच्या आधीच मिश्रण पेटवू शकते. पिस्टनमधल्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यांच्या कडा पण तशाच मारल्या. बोअरला होनिंग, चारही पिस्टन आणि रिंगा नवीन. डेक काढल्यावर पिस्टनवर प्लॅस्टिसिन ठेवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं आणि व्हॉल्व्हपासून अंतर कापून मोजलं, भरपूर होतं. जोडताना चारही चेंबर पुन्हा भरून बघितले, फरक ०.२ सीसीच्या आत.

प्लग एक नंबर थंड, म्हणजे टोक लवकर गार होणारे, घेतले. रेडिएटरचा कोअर साफ करून घेतला, अर्धा बुजलेला होता. एअर फिल्टरचा उघडा शंकू बॉनेटमधली गरम हवा ओढत होता, तो काढून कंपनीचा डबा परत बसवला, जो पुढून थंड हवा घेतो. यात काही दिमाख नाही, पण आत जाणारी हवा गार ठेवणं हे कॉम्प्रेशन पेलण्याचं सगळ्यात स्वस्त साधन आहे.

निकाल

रनिंग इन झाल्यावर कॉम्प्रेशन टेस्ट १८० ते १८५ पीएसआय, चारही सारखे. मग एप्रिलमध्ये, मुद्दाम दुपारी, साध्या पंपावरचं साधं पेट्रोल भरून, एसी लावून, माणसं बसवून चिपळूणहून घाट चढलो. ब्लॉकला तांब्याची चपटी केलेली नळी बोल्टने लावून तिला रबरी पाइप आणि कानाला हेडफोनचे जुने कप, म्हणजे नॉकिंग स्पष्ट ऐकू येतं, नुसत्या कानाला येण्याच्या बरंच आधी.

तिसऱ्या गिअरला बावीसशेच्या आसपास, पूर्ण एक्सलेटरवर, दोन-तीन बारीक टिक आले. लांबलचक खळखळ नाही, एकेक टिक. पिगीबॅकमध्ये फक्त त्या लोड आणि आरपीएमच्या चौकटीत दोन डिग्री मागे घेतले आणि तोच चढ परत चढलो, साफ. बाकी सगळीकडे टायमिंग हात न लावता राहिलं. पूर्ण टॉर्कच्या जागी आता २६ डिग्री बिनआवाजी घेतंय. आधीच्या ११.२ वर तोच आवाज बंद ठेवायचा तर अठरा-एकोणीसच्या पुढे जाता आलं नसतं असा माझा अंदाज आहे.

मालकाचं म्हणणं, घाटात आधी गिअर टाकावा लागायचा तिथे आता टाकावा लागत नाही. ऑइल खाणं बंद. उन्हाळा संपल्यावर प्लग काढून बघितले, पोर्सेलीन फिकट बदामी, एकही ठिपका नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, पहिलं इंजिन बांधतानाच मापाचा कागद मागायला हवा होता. चार चेंबरचे सीसी, डेक, गॅस्केटची जाडी, पिस्टनचा खड्डा किंवा फुगवटा, एवढे आकडे. जे गॅरेज ते देत नाही त्याने ते मोजलेले नाहीत असंच धरा आणि हेडला हात लावू देऊ नका. बोलणं अवघड जातं, ओळखीचा मिस्त्री असतो, पण विचाराच.

दुसरं, पहिली खळखळ ऐकू आली तेव्हाच गाडी थांबवायला हवी होती, निदान गिअर खाली टाकून एक्सलेटर सोडून चालवायला हवी होती. प्लगवर ठिपके लँड तुटण्याच्या आधीपासून दिसत असणार, तेव्हा कुणी प्लग काढला असता तर पिस्टन वाचले असते. नुसतं टायमिंग मागे घेऊन तेवढा उन्हाळा निघाला असता.

तिसरं, ट्रायल कुठे घ्यायची. पठारावरच्या गॅरेजने बांधलेली गाडी कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात जाणार असेल तर शेवटचं टायमिंग तिथल्या हवेत ठरवा. तेवढ्यासाठी खाली उतरणं शक्य नसेल तर पठारावर जे बिनआवाजी निघतं त्यापेक्षा दोन-तीन डिग्री राखून ठेवा.

आणि चौथं आत्ताचं. हे काम झालं तेव्हा ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) सगळीकडे नव्हतं, आता पंपावर तेच मिळतं. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास आणि बाष्प होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढतं, त्यामुळे नॉकिंगच्या बाजूने ते मदतच करतं. हे ऐकून याच मालकाने मध्यंतरी विचारलं की आता साडेदहा करायचं का. मी नको म्हटलं. जुन्या गाडीत ई२० ची अडचण दुसरीकडे आहे. त्याला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं, ई१० च्या तुलनेत चारेक टक्के, आणि पूर्ण एक्सलेटरवर लॅम्बडा सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) दुरुस्ती करत नाही, म्हणजे जुन्या मॅपवर गाडी नेमकी चढावरच पातळ, म्हणजे इंधन कमी पडून, चालते. त्यासाठी वरच्या लोडचं इंधन वाढवून दिलं, गाडीच्या इंधन पंपाचं प्रेशर तपासलं, आणि टाकीपासून इंजेक्टरच्या रेलपर्यंतचे जुने रबरी पाइप बदलले. कॉम्प्रेशन दहाच ठेवलं.